आधी काळं करा, मग पांढरं: आपल्या घरातलं मराठीत लिहिताना

चार माणसं जमली की आपल्याकडे गोष्टींना तोटा नसतो. लग्नघरात, मय्यतीच्या घरी, जुम्म्यानंतर टपरीवर चहा पिताना एकातून एक गोष्ट निघत जाते. कुणाच्या आजोबांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली असते, कुणाच्या नानीने शिलाई मशीनवर पाच मुलं शिकवलेली असतात. ऐकणारे ऐकत राहतात. पण त्याच माणसाला म्हणा, "हे लिहून द्या की." उत्तर ठरलेलं असतं: "आपल्याला कुठं तसलं मराठी येतं?"

मग ती गोष्ट त्या माणसाबरोबरच जाते. मागे उरतं ते दुसऱ्यांनी आपल्याबद्दल लिहिलेलं. त्यात शिव्या असोत की कौतुक, दोन्ही बहुतेक वेळा मोघमच असतं. "मुस्लिम समाज असा आहे, तसा आहे." त्यात ना मिरजेचा सतारवाला दिसतो, ना मालेगावचा लूम कामगार, ना चिपळूणजवळच्या गावात आखाती देशातल्या फोनची वाट बघणारी आई. आपण आपलं लिहिलं नाही, तर ही जागा मोघम शब्दांनीच भरली जाणार. म्हणून चांगलं लिहायला शिकणं हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असं आम्हाला वाटत नाही. ते घरचं काम आहे आणि सरावाने जमणारं आहे. ते कसं करायचं, ते इथे सांगतो.

"तसलं मराठी" म्हणजे नक्की कसलं?

पहिली अडचण मनातली आहे. घरी दखनी किंवा उर्दू, कोकणात कोकणी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. त्यामुळे लेखी मराठी हे दुसऱ्याचं अंगण आहे आणि तिथे चप्पल काढूनच जायचं, असं आपण धरून चालतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ 1645 साली मराठी ओवीत पूर्ण केला. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, महानुभाव साहित्याचे मोठे अभ्यासक.

आणि शब्दांचं म्हणाल तर लिहिण्याच्या टेबलावरचं सामानच बघा. कागद, कलम, शाई, दौत, मजकूर, मसुदा, अर्ज, तारीख, लिफाफा. हे सगळे अरबी-फारसीतून आलेले आणि मराठीत मुरलेले शब्द आहेत. माधव जूलियन यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश काढला, तो याच मोठ्या देवघेवीमुळे. उलट बाजूने दखनीने मराठीकडून "नको" घेतला आणि त्याचा "नक्को" केला. "मैंइच", "वहींच" मधला तो "च" सुद्धा मराठीचाच. या दोन भाषा शेकडो वर्षं एकमेकींच्या घरी जेवत आल्या आहेत. तेव्हा "तसलं मराठी" ही भीती आधी बाजूला ठेवा.

मोघम वाक्य मोडा, त्यात हात-पाय घाला

शाळेतला निबंध घ्या. विषय 'माझा आवडता सण'. आपली मुलं लिहितात: "आमच्या घरी ईद मोठ्या उत्साहात साजरी केली जाते. सर्वत्र आनंदाचे वातावरण असते." व्याकरणाच्या दृष्टीने चूक काहीच नाही. पण ईदच्या जागी कुठलाही सण टाका, वाक्य तसंच चालतं. जे वाक्य कुठेही चालतं, ते कुणाचंच नसतं.

आता हे वाचा: "चांदरातीला दादी खारका भिजत घालते. फजरच्या आधी उठून अम्मी त्या चिरायला बसते, आणि कागदावर बियांचा ढीग वाढत जातो. अब्बा सांगतात, शेजारच्या काकूंचा डबा आधी बाजूला काढा, नाहीतर पाहुण्यांतच शीरखुर्मा संपतो."

यात "आनंद" हा शब्दच नाही. तरी घर दिसतं, घाई दिसते, शेजारीपण दिसतं. युक्ती साधी आहे. प्रत्येक मोघम वाक्याला चार प्रश्न विचारायचे: कोण? कुठे? हातात काय होतं? नक्की काय केलं? उत्तर मिळालं की मोघम वाक्य खोडून तिथे ते उत्तर लिहायचं.

"खूप", "अत्यंत", "अतिशय", "प्रचंड" हे शब्द दिसले की थांबा. "आजोबा खूप कष्टाळू होते" यातून काही कळत नाही. "आजोबा दुकानाची फळी सकाळी सातला उघडायचे आणि इशाच्या अजानला बंद करायचे" एवढं लिहिलं की कष्टाळू शब्दाची गरज राहत नाही.

धंद्याचे शब्द फेकू नका

आपल्या घरांत हुनर आहे, आणि प्रत्येक हुनराची स्वतःची भाषा आहे. मिरजेचंच उदाहरण घ्या. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारं घडवण्याचं, त्यांना धार लावण्याचं काम सोडून सतार-तंबोरे बनवायला घेतले आणि गावाचं नाव देशभर नेलं. समजा, अशा घरातली नात आजोबांवर लिहिते: "ते वाद्य बनवण्याच्या कलेत निपुण होते." वाचणाऱ्याच्या हाती काय आलं?

तिने आजोबांच्या कामाचे शब्द वापरावेत. भोपळा, दांडी, खुंट्या, पडदे, घोडी, जवारी. भोपळा पंढरपूरकडून कसा यायचा, तो वाळवताना घरात जागा कशी पुरायची नाही, घोडी घासून जवारी जमली की नाही हे आजोबा तार छेडून कानानेच कसं ठरवायचे. वाचणाऱ्याला जवारी म्हणजे काय हे माहीत नसेल. हरकत नाही. "घोडी घासून तारेचा आवाज मोकळा केला, जवारी लागली" असं लिहिलं की वाक्यातच अर्थ कळतो, वेगळी टीप द्यावी लागत नाही. बेकरी, लूम, गॅरेज, खाटीकखाना, जरीकाम, मासेमारी, सगळीकडे हेच लागू. शब्द माहीत नसेल तर काम करणाऱ्याला विचारा. नाहीच मिळाला तर साधं वर्णन करा, पण पुस्तकातून उचललेला जड शब्द चिकटवू नका.

अम्मी, दादा, बाजी: नात्यांचे शब्द कसे लिहायचे?

हा प्रश्न लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर असं: घरात जे म्हणता तेच लिहा, फक्त वाचणाऱ्याची गफलत होऊ देऊ नका.

गफलत कुठे होते? "दादा" म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर थोरला भाऊ येतो, आपल्याकडे अब्बांचे वडील. "नाना" हे मराठीत कुणाही वडीलधाऱ्याचं नाव असू शकतं, आपल्याकडे ते अम्मीचे वडील. "बाजी" म्हटलं की इतिहासातला शूर पुरुष आठवतो, आपल्याकडे थोरली बहीण. म्हणून पहिल्यांदा नाव येतं तिथे वाक्यातच सोय करा: "दादा, म्हणजे अब्बांचे वडील, तेव्हा सत्तरीचे होते." एकदा सांगितलं की पुढे बिनधास्त "दादा" लिहा.

दुसरी गोष्ट, मान. "दादी आली" की "दादी आल्या"? दोन्ही घरं आहेत, दोन्ही बरोबर. पण पहिल्या परिच्छेदात "आली" आणि तिसऱ्यात "आल्या" असं करू नका. एक ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

संवादाचंही तसंच. दादी दखनी बोलत असेल तर तिच्या तोंडी शुद्ध मराठी घालू नका. "खाके जा रे बेटा, भूका नक्को जा," हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचकाला कळतं, आणि दादी कागदावर जिवंत होते. लांब संवाद मात्र सगळाच दखनीत नको. एखादं-दुसरं वाक्य तिच्या बोलीत, बाकीचा आशय आपल्या मराठीत.

नमाजीबद्दल लिहिताना वर्तमानपत्रात "नमाज पठण" असं येतं. घरी आपण "नमाज पढली" म्हणतो. आपल्या लेखात आपलंच लिहा.

शुद्धलेखन: भीती नको, आळस पण नको

मराठी शुद्धलेखनाचे सध्याचे नियम 1962 साली ठरले, 1972 मध्ये त्यांत आणखी काही भरले, असे एकूण अठरा. सगळे पाठ करायची गरज नाही. दोन नियम लक्षात ठेवले तरी बऱ्याच चुका टळतात.

पहिला: मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार साधारणपणे दीर्घ. म्हणून अम्मी, दादी, सहेरी, इफ्तारी, चटई. दुसरा: शब्दाला प्रत्यय लागला की शेवटून दुसरं दीर्घ अक्षर बहुधा ऱ्हस्व होतं. मशीद, पण मशिदीत. जमीन, पण जमिनीवर. वकील, पण वकिलाला. फकीर, पण फकिराची.

नुक्त्याचं काय? मराठीत नुक्ता सहसा देत नाहीत. नमाज, जकात, गजल असं लिहिलेलं चालतं. "रमजान" लिहायचं की "रमझान", हे एकदा ठरवा. एकाच लेखात दोन्ही दिसले की वाचणारा अडखळतो.

आधी सनद, मग शब्द

आपल्या लिखाणाबाबत सर्वांत जास्त जोखीम इथे आहे. एखादी घटना घडते, गरम डोक्याने कुणीतरी चार ओळी लिहितो, त्या ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरतात. दोन दिवसांनी कळतं की गावाचं नाव वेगळं होतं, तारीख मागच्या वर्षाची होती. मग खरी तक्रार पण खोटी ठरते, कारण लिहिणाऱ्यावरचा भरवसा गेलेला असतो.

हदीस जमवणाऱ्या विद्वानांनी यासाठी केवढी कडक शिस्त लावली होती, हे आपल्याला मदरशापासून माहीत आहे. बोल कुणी सांगितला, त्याने कुणाकडून ऐकला, ती दोन माणसं खरंच भेटली होती का, ही सगळी साखळी तपासायची. त्या साखळीला सनद म्हणतात. मराठीत वकिलाची "सनद" असते, जुन्या इनामाची असते, तो शब्दही हाच. भरवशाचा आधार, असा त्याचा अर्थ.

आपण सामान्य लेख लिहितो, तरी तीन सवयी लावून घेऊ शकतो. एक, लेखातलं प्रत्येक नाव, गाव, साल आणि आकडा यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि समासात लिहा: हे कुणी सांगितलं? ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही, ते काढून टाका. दोन, डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानाने ऐकलेलं वेगळं ठेवा. "असं दादी सांगायच्या" एवढे शब्द लावले तरी पुरतं. तीन, रागात लिहा, पण रागात पाठवू नका. रात्र जाऊ द्या. सकाळी वाचून पाहा. राग खरा असेल तर तपशील ठेवूनही टिकतो, फक्त विशेषणं गळतात.

आणि घरातल्या माणसांबद्दल लिहिताना त्यांची परवानगी घ्या. विशेषतः आजारपण, तलाक, कर्ज, भावकीतले वाद. लेख आपला असला तरी आयुष्य त्यांचं आहे. नाव बदलून चालत असेल तर बदला.

दीडशे शब्दांची तालीम

लिहायला बसलं की विषय पसरत जातो, ही सगळ्यांची तक्रार. यावर एक तालीम सरकारी नियमातूनच मिळते. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 चा. महाराष्ट्रात 2012 पासूनच्या नियमांनुसार माहितीचा अर्ज साधारणपणे 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. नियम चांगला की वाईट हा वाद वेगळा. लिहिणाऱ्यासाठी मात्र तो उत्तम व्यायाम आहे.

समजा, मोहल्ल्यात पाण्याची अडचण आहे. आपण अर्ज कसा लिहितो? "आमच्या भागाकडे नेहमीच दुर्लक्ष केले जाते, वारंवार विनंती करूनही..." निम्मे शब्द इथेच गेले आणि अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही. त्याऐवजी: अमुक गल्ली, अमुक तारखेपासून, आठवड्यातून किती दिवस पाणी येतं, किती वाजता, किती घरं, याआधीच्या अर्जाची तारीख, आता नक्की काय हवं. भावना नाही, तरी वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

लेख असो की अर्ज, पहिला परिच्छेद लिहून झाला की तो झाकून दुसऱ्यापासून वाचा. "आजच्या धकाधकीच्या जीवनात" किंवा "मानवाच्या इतिहासात" अशी सुरुवात असेल तर दहापैकी आठ वेळा पहिल्या परिच्छेदाशिवाय लेख चांगला चालतो. मग तो काढा. शेवटचंही तसंच. "समाजाने आता तरी जागे व्हायला हवे" हे वाक्य आपल्या लेखांत इतक्या वेळा आलंय की ते वाचून कुणी जागं होत नाही. कुणी काय करावं, ते नेमकं सांगा: कोणत्या तारखेच्या आत कोणता फॉर्म भरायचा, कोणती कागदपत्रं जोडायची, कुणाला भेटायचं.

मसुदा या शब्दातच सगळं आहे

आता मूळ गोष्ट. मराठीत कच्च्या लिखाणाला आपण मसुदा म्हणतो. हा अरबी शब्द "काळा" या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. खाडाखोड केलेला, समासात भरलेला, बाण मारलेला. त्यानंतर जी स्वच्छ प्रत काढायची तिला अरबी-उर्दूत जो शब्द आहे, त्याचा अर्थ पांढरी केलेली प्रत. म्हणजे जुन्या कातिबांना आणि लेखकांना हे पक्कं ठाऊक होतं की लिहिणं दोनदा होतं. आधी काळं, मग पांढरं.

आपण मात्र पहिलाच कागद पांढरा ठेवायला बघतो. सुंदर पहिलं वाक्य सुचेपर्यंत बसून राहतो आणि मग उठून जातो. हे उलटं करा.

पहिल्या दिवशी फक्त काळं करा. चुका, दखनी, इंग्रजी शब्द, अर्धी वाक्यं, सगळं येऊ द्या. हाताने लिहायचा कंटाळा असेल, वडीलधाऱ्यांना टाइप करता येत नसेल, तर फोनमध्ये मराठीत बोलून टाइप करायची सोय आहे. अब्बांना बोलू द्या, फोन लिहील. त्यात चुका राहतील, पण तो मसुदाच आहे.

दुसऱ्या दिवशी हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा, शक्यतो कुणाला तरी ऐकवत. बार्शीचे शाहीर अमर शेख (1916-1969) यांची ताकद त्यांच्या आवाजात होती. त्यांचे शब्द मैदानात, गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या कानासाठी होते. आपला लेखही कानाच्या परीक्षेला बसवा. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांब आहे, तोडा. जिथे ऐकणारा फोनकडे बघतो तिथे मजकूर सैल आहे, कापा. जिथे तो विचारतो "मग?" ती जागा श्रीमंत आहे, तिथे आणखी दोन वाक्यं घाला.

ऐकणारा निवडताना एक पथ्य पाळा. "कसं वाटलं?" असं विचारलं की सगळे "छान" म्हणतात. त्याऐवजी विचारा: "कुठे कळलं नाही? कुठे कंटाळा आला? काय आठवतं?" या तीन उत्तरांवर खुणा करा आणि मगच पांढरी प्रत काढा.

या रविवारी करून बघा

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ अर्धा तास बसा आणि पाच प्रश्न विचारा. तुम्ही लहान असताना घर कसं होतं? पहिली कमाई किती आणि कशाची? शेजारी कोण राहायचं? सर्वांत अवघड वर्ष कोणतं? तेव्हा मदतीला कोण आलं? मध्ये बोलू नका. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा.

मग त्यातला एकच प्रसंग निवडा. सगळं आयुष्य नको, एक प्रसंग. तीनशे शब्दांत लिहा. त्यांचे शब्द ठेवा, नावं-सालं त्यांच्याकडूनच तपासून घ्या, मोठ्याने वाचा, काळं करा, मग पांढरं करा. शेवटी तो कागद त्यांना वाचून दाखवा. ते दुरुस्त्या सांगतील, आणि बहुतेक वेळा त्या दुरुस्त्यांतूनच दुसरी गोष्ट निघेल.

महिन्याला असं एक पान झालं तरी वर्षाला बारा होतात. आज दहावीत असलेल्या मुलीने ही बारा पानं लिहिली, तर तिच्या पुढच्या पिढीला "आपण कोण, कुठले" हे विचारायला दुसऱ्यांच्या दारी जावं लागणार नाही. घरातल्या कपाटात, दादीच्या शब्दांत आणि आपल्या मराठीत, ते लिहिलेलं असेल.